व्रण आणि वण

'व्रण' आणि 'वण' हे दोन शब्द मुळात एकच होत. पहिला संस्कृतातून जसाच्या तसा मराठीत आला. दुसरा प्राकृताच्या वाटेने येताना रकार सोडून आला. परंतु भाषेने ही दोन रूपे नुसती शेजारी ठेवली नाहीत, तर त्यांना दोन निराळी कामे वाटून दिली. व्रण म्हणजे उघडी, वाहती जखम. वण म्हणजे ती भरून आल्यावर कातडीवर राहणारी खूण. अलीकडच्या लेखनात मात्र 'जखम भरली, पण व्रण राहिला' असे वाक्य सर्रास आढळते. लिहिणाऱ्याला तेथे वण म्हणावयाचे असते. शब्द भारदस्त वाटतो म्हणून व्रण योजला जातो आणि खुणेला जखमेचे नाव मिळते. ही चूक केवळ लेखणीची असती तर तिचा विचार वैयाकरणांवर सोपविता आला असता. परंतु जी गफलत शब्दात होते तीच आचारातही होते. भरलेली जखम आणि पुसलेली जखम या एक नव्हेत, हे न कळल्यामुळे घरोघरी आणि मठामठांत पुष्कळ दुःख उत्पन्न होते. म्हणून या लहानशा शब्दाचे निरूपण अवश्य आहे.

शब्दाचे घराणे

शब्दांच्या कुळांचा शोध आणि खानदेश यांचा संबंध जुना आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचा देह १९२६ सालच्या अखेरच्या दिवशी धुळे येथे पडला. त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संशोधन मंडळाने त्यांची व्युत्पत्तिविषयक टिपणे पुढे कोशरूपाने प्रसिद्ध केली. महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा पंथाबाहेरच्या अभ्यासकांना ज्यांच्यामुळे झाला, त्यांतही राजवाड्यांचे नाव अग्रभागी आहे. शब्दाचे मूळ शोधणे म्हणजे पूर्वजांनी एखाद्या गोष्टीकडे कोणत्या दृष्टीने पाहिले हे शोधणे होय, असा या परिश्रमांचा इत्यर्थ सांगता येईल. महानुभावांना तर हा विचार परका नाही. केशिराजबासांसारख्या संस्कृतज्ञ शिष्यालाही नागदेवाचार्यांनी मराठीची वाट सोडू दिली नाही, कारण श्रीचक्रधरस्वामींनी निरूपण मराठीत केले होते आणि संस्कृताच्या आग्रहाने साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका त्या निरूपणाला अंतरल्या असत्या. म्हणून म्हातारीच्या तोंडचा 'वण' हा शब्द पंडिताच्या 'व्रणा'इतकाच विचारार्ह ठरतो.

इजेसाठी मराठीत एक शब्द नाही, एक परिवार आहे, आणि त्या परिवारात इजेच्या प्रत्येक अवस्थेला निराळे नाव आहे. 'घात' या शब्दापासून 'घाव' झाला. जुन्या मराठीत तो 'घाय' असाही येतो, आणि 'घायाळ' त्याचाच. घाव म्हणजे प्रहाराचा क्षण. 'जखम' हा फारसी शब्द. खानदेशात थाळनेर आणि बऱ्हाणपूर येथून फारुकी सुलतानांनी राज्य केले, त्या काळी दक्षिणेतील दरबारांची भाषा फारसी होती. अशा सहवासातून हा शब्द मराठीत इतका रुळला की तो परका आहे हे सांगूनही कोणाला खरे वाटू नये. जखम म्हणजे घावाने उघडलेले मांस. 'शल्य' शब्दापासून 'सल' झाला. सल म्हणजे आत राहून गेलेले टोक: काटा सलतो, तसे बोलणेही सलते. जखम वरून मिटली आणि काटा आत राहिला, तर सल आहे असे म्हणतात. 'मुका मार' हा शब्द तर फार मार्मिक आहे. रक्त नाही, फाटलेले कातडे नाही. मार बसला आहे, पण तो दिसत नाही, म्हणून सांगताही येत नाही. आणि या साऱ्यांच्या शेवटी येतो तो वण.

हे शब्द शरीराला लागतात तसेच मनालाही लागतात, आणि त्यासाठी भाषेला अलंकाराचा आधार घ्यावा लागत नाही. पाय दुखावतो, तसा माणूस दुखावतो. पायाला ठेच लागते, तशी मनालाही लागते. 'जिव्हारी लागले' हे बाणाविषयी म्हणतात आणि शब्दाविषयीही. भाषेने शरीर आणि मन यांच्या दुखण्यात भिंत घातली नाही, हे ध्यानी ठेवावे.

वैद्यकातील लक्षण

व्रणाचा सर्वांत सूक्ष्म विचार सुश्रुताचार्यांनी केला. त्यांच्या संहितेत व्रणाची जी निरुक्ती येते तिचा आशय असा की, भरून आल्यावरही ज्याची खूण देह असेतोवर नाहीशी होत नाही आणि जो अशा प्रकारे त्या जागेला व्यापून राहतो, त्याला ज्ञाते व्रण म्हणतात. ही निरुक्ती पाहिली म्हणजे आश्चर्य वाटते. जखमेची ओळख आचार्यांनी रक्तावरून केली नाही, वेदनेवरूनही केली नाही. मागे राहणाऱ्या खुणेवरून केली. जे खूण न ठेवता जाते ते व्रण या नावास पात्रच नव्हे. अर्थात वण हा व्रणाच्या लक्षणातच सामावलेला आहे. मराठीने तो बाहेर काढून त्याला स्वतंत्र नाव दिले इतकेच. अलीकडचे लेखक वणाला व्रण म्हणतात त्याला या निरुक्तीत थोडा आधार सापडेल. तथापि जे एकात एक गुंतलेले आहे त्याचा विवेक करता यावा म्हणूनच लोकभाषेने दोन शब्द केले, आणि तो विवेक गमावणे हिताचे नाही.

त्याच संहितेत शल्याची व्याख्याही अशीच व्यापक आहे: जे शरीराला आणि मनाला बाधा करते ते शल्य. मनाचा उल्लेख वैद्याने केला आहे, कवीने नव्हे. व्रणाचे शारीर आणि आगंतु असे दोन भेद तेथे केले आहेत. एक आतील दोषांनी झालेला, दुसरा बाहेरील आघाताने झालेला. चिकित्सेचे साठ उपक्रम सांगितले आहेत, आणि त्यांत शोधन आणि रोपण असा क्रम आहे. व्रण दूषित असेल तर आधी तो शुद्ध करावा, मग तो भरून येईल असे करावे. घाण आत ठेवून वरून मांस भरू दिले तर तो व्रण पुन्हा फुटतो.

आधुनिक वैद्यकही या निरुक्तीला दुजोराच देते. खोल जखम भरते तेव्हा पूर्वीची त्वचा परत येत नाही. तिच्या जागी निराळ्या तंतूंचे ठिगळ पडते. तेथे केस उगवत नाहीत, घाम येत नाही, आणि कित्येक महिने लोटल्यावरही त्या जागेचे बळ मूळच्या त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांच्या पुढे सहसा जात नाही. झाडाचेही असेच. सातपुड्यातील सालईच्या किंवा धावड्याच्या सालीवर डिंकासाठी घाव घातला, तर झाड त्या जागेचे लाकूड पूर्ववत करीत नाही. तेवढा भाग आतून बंद करून नव्या वाढीने तो झाकून घेते आणि वाढत राहते. पुढे ते झाड तोडले तर आतल्या वलयांत ती जागा दिसते.

वणाचा सर्वांना ठाऊक असलेला प्रयोग म्हणजे 'देवीचे वण'. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी आढळला नाही, आणि १९८० च्या मे महिन्यात हा रोग जगातून गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले. रोग गेला, परंतु ज्यांना तो बालपणी झाला त्यांच्या मुखावरचे वण गेले नाहीत. आणि त्या पिढीतील इतरांच्या दंडावर दुसरा एक वण असे, तो देवी टोचल्याचा. एक वण रोगाने दिलेला, दुसरा रोग येऊ नये म्हणून दिलेला. दोन्ही वणच, परंतु एकाने मृत्यूची वाट दाखविली होती, दुसऱ्याने ती अडविली होती. म्हणून वण दिसला की तो दोष आहे असे समजणे हे अज्ञान होय. वण केवळ इतके सांगतो की येथे काही घडले होते, आणि देह त्यातून वाचला.

घालणारा आणि सोसणारा

आता मुख्य विषयाकडे यावे. एका इजेकडे दोन माणसे पाहतात: ज्याने ती केली तो आणि ज्याला ती झाली तो. घालणाऱ्याच्या दृष्टीने ती 'घाव' असते. घाव क्षणाचा. हात उचलला, शब्द सुटला, संपले. सोसणाऱ्याच्या दृष्टीने तीच 'जखम' असते, आणि जखम दिवसांची, महिन्यांची असते. पुढे ती भरली तर वण राहतो, आणि वण जन्माचा असतो. घालणारा क्षण मोजतो आणि सोसणारा जन्म मोजतो, म्हणून दोघांचा हिशेब कधी जुळत नाही.

कल्पना करावी की गिरणेकाठच्या एखाद्या गावी दोन भावांची शेतवाटणी होते. बांधावरून वाद निघतो आणि थोरला धाकट्याला चारचौघांत असे काही बोलतो की ते त्याच्या जिव्हारी लागते. वर्षे जातात. थोरल्याला पश्चात्ताप होतो, तो क्षमा मागतो, धाकटाही मनापासून क्षमा करतो. दोघांच्या बैलजोड्या पुन्हा एका विहिरीवर येतात. तरीही बांधाचा विषय निघाला की धाकटा गप्प होतो. थोरला म्हणतो, "क्षमा केलीस ना? मग अजून मनात का ठेवतोस?" येथे थोरल्याची चूक कोणती? धाकट्याचे गप्प होणे हा वण आहे आणि थोरला त्याला व्रण समजत आहे. क्षमा म्हणजे जणू काही घडलेच नव्हते अशी स्थिती, असे त्याला वाटते. परंतु क्षमेने व्रण भरतो; वण पुसण्याचे सामर्थ्य क्षमेत नाही, आणि तशी अपेक्षा करणे हा दुसरा घाव होय. ज्याने हात तोडला त्याने पुढे 'तुझा हात थोटा का?' असे विचारावे, तसे ते आहे.

परंतु चूक एकाच बाजूला असते असे नाही. पुष्कळदा सोसणारा आपल्या वणाला व्रण करून ठेवतो. खपली धरली की ती काढतो. ती पुन्हा धरली की पुन्हा काढतो. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती जागा दाखवितो. पुढे पुढे त्याला ती जखम प्रिय वाटू लागते, कारण तिच्यामुळे त्याला इतरांवर कायमचा हक्क मिळतो. 'मला असे केले गेले' या एका वाक्यावर तो आपल्या सर्व दुर्वर्तनाची इमारत उभी करतो. मूळ घाव दुसऱ्याने घातला हे खरे. परंतु दहाव्या वर्षी वाहणारे रक्त त्याने स्वतः काढलेले असते. सुश्रुताचार्यांच्या भाषेत आगंतु व्रण आता शारीर झाला.

म्हणून दोघांसाठी दोन निराळे नियम आहेत. घालणाऱ्याने वणाचा मान राखावा, तो दिसला म्हणून रागावू नये. सोसणाऱ्याने वणावर थांबावे, त्याचा पुन्हा व्रण करू नये.

एक शंका आणि तिचे समाधान

शंका अशी की, आत्मा शस्त्राने छेदला जात नाही असे गीता सांगते. मग व्रण कोणाचा आणि वण कोणाचा? देहाचा असेल तर देह नश्वर. मनाचा असेल तर मन चंचल. साधकाने या विचारात वेळ का घालवावा?

ही शंका खानदेशच्या भूमीत नवी नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती लिहून घेतली. ऐकणारे बंदिवान होते. घरदार सोडून, शिक्षा भोगत बसलेले होते. आत्म्याच्या अछेद्यतेचे निरूपण त्यांच्यासमोर झाले, हे या शंकेच्या समाधानाला उपयोगी आहे. कारण ते तत्त्वज्ञान कोणाच्या मुखी शोभते हे त्यावरून कळते. जो सोसतो त्याने म्हणावे की आत्म्याला छेद नाही; त्याने त्याला धैर्य येते. परंतु जो प्रहार करतो त्याने म्हणू नये की आत्म्याला छेद नाही. त्याने त्याला निर्लज्जपणा येतो. एकच वाक्य पीडिताच्या मुखी ज्ञान असते आणि पीडा देणाऱ्याच्या मुखी पाखंड असते.

शिवाय महानुभाव सिद्धांतात जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ भिन्न मानले आहेत. जीव आणि परमेश्वर एकच नव्हेत. जीव अविद्येने बांधलेला आहे आणि सुखदुःखाचा भोक्ता तोच आहे. तेव्हा 'दुखले ते मिथ्या' असे म्हणून सुटता येत नाही. ज्या पंथाचा आचार मुंगीलाही अपाय होऊ नये इतका सूक्ष्म आहे, त्या पंथात जीवाच्या पीडेला मिथ्या म्हणणे बसत नाही. पारध्यांच्या तडाख्यातून सुटलेला ससा श्रीचक्रधरस्वामींच्या मांडीखाली आला तेव्हा स्वामींनी त्याच्या देहाच्या नश्वरतेचे निरूपण केले नाही. शरण आलेल्याला मारू नये असे सांगून पारध्यांनाच हिंसेपासून परावृत्त केले. सशाला घाव लागू दिला नाही, हेच तेथे तत्त्वज्ञान.

गुरूचा घाव

मठात आणि घरात एक म्हण वारंवार ऐकू येते: टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही. शिष्याला, मुलाला, सुनेला कठोर बोलून झाले की ही म्हण सांगितली जाते. म्हण खोटी नाही, परंतु तिचा विनियोग जपून करावा. पाषाण जड आहे. त्याला घाव बसतो पण जखम होत नाही. शिष्य पाषाण नव्हे. त्याला बसलेला प्रत्येक घाव आधी जखम होतो आणि मगच, झाला तर, आकार होतो.

योग्य उपमा पाथरवटाची नसून शस्त्रवैद्याची आहे. शस्त्रवैद्यही कापतो. त्याने केलेला छेद हाही व्रणच असतो. परंतु त्याच्यात आणि शत्रूत भेद आहे, आणि तो भेद हेतूपुरता नाही. शत्रूचे काम छेदापाशी संपते, तर वैद्याचे तेथे सुरू होते. कापसाचे असो, रेशमाचे असो, वस्त्र कोणते आणि पट्टी कशी बांधावी, ती केव्हा सोडावी, रोग्याने काय खावे, यांचा विचार संहितेत छेदाइतकाच तपशिलाने केला आहे. खानदेशातील अडाणी माउलीही लेकराच्या बोटाला काटा काढताना टोचते, पण लगेच हळद भरून चिंधी बांधते. ज्या आचार्याने रात्री शिष्याला कठोर शब्द बोलला आणि सकाळी त्याची विचारपूस केली नाही, त्याने छेद केला, बंध केला नाही. त्याचा हेतू शुद्ध असेल, परंतु चिकित्सा अर्धीच राहिली.

त्यातही आश्रमातील इजा पुष्कळदा मुक्या माराची असते. भिक्षुकाने सांगावे काय? रक्त दाखविता येत नाही. तक्रार केली तर अहंकार ठरतो, न केली तर सल राहतो. म्हणून ज्याच्या हाती अधिकार आहे त्यानेच न दिसणारी इजा पाहण्याची सवय लावून घ्यावी. वण नाही म्हणजे मार बसला नाही, असा निष्कर्ष काढू नये.

अस्तंब्याचा व्रण

सातपुड्यात अस्तंबा नावाचे उंच शिखर आहे. १९९८ साली नंदुरबार जिल्हा निराळा झाला तोवर हा प्रदेश धुळे जिल्ह्यात होता. दिवाळीच्या दिवसांत, धनत्रयोदशीच्या सुमारास, हजारो आदिवासी आणि इतर तरुण रात्रीची वाट तुडवीत हे शिखर चढतात. अस्तंबा म्हणजे अश्वत्थामा, असे तेथील लोक मानतात. त्याच्या कपाळीची जखम अद्याप वाहते, तो डोंगरात फिरतो आणि जखमेसाठी तेल मागतो, असे ते सांगतात. जुन्या खानदेशातील आशीरगडाविषयीही अशीच कथा आहे.

लोककथेची ऐतिहासिकता हा येथील विषय नव्हे. विषय असा की, मराठी मुलखाने न भरणाऱ्या व्रणाचे उदाहरण म्हणून अश्वत्थाम्यालाच का निवडले? कुरुक्षेत्रावर जखमी कोण झाले नव्हते? परंतु इतरांचे व्रण भरले किंवा देहाबरोबर संपले. अश्वत्थाम्याने निजलेल्यांना मारले, द्रौपदीचे पाच पुत्र मारले, आणि पकडला गेल्यावरही अस्त्र मागे न घेता ते उत्तरेच्या गर्भावर सोडले. श्रीकृष्णचक्रवर्तींनी त्याला शाप दिला तो मृत्यूचा नव्हे. तीन सहस्र वर्षे रक्तपुवाने माखून एकाकी भटकण्याचा दिला. महाभारताच्या सौप्तिकपर्वात हे सविस्तर आले आहे. अनुताप झाला नाही, म्हणून शोधन झाले नाही. शोधन नाही म्हणून रोपण नाही. त्याला वण लाभला नाही. वण ही सुद्धा एक कृपा आहे, हे अश्वत्थाम्याकडे पाहून कळते.

याच प्रसंगी दुसरी एक व्यक्ती आहे आणि तिच्याकडे लक्ष कमी जाते. भागवतात अशी कथा आहे की अर्जुनाने अश्वत्थाम्याला बांधून द्रौपदीपुढे आणले, तेव्हा तिनेच त्याला सोडण्यास सांगितले. तिचे म्हणणे असे की, आपण पुत्रांसाठी रडत आहोत तशी याची माता रडू नये. पाच पुत्र गमावून एक रात्रही लोटली नव्हती. तिची जखम भरली होती असे कोण म्हणेल? तथापि त्या जखमेने तिला दुसऱ्या स्त्रीची जखम दिसू लागली. अश्वत्थाम्यालाही दुःख होते. त्याचा पिता अधर्माने मारला गेला होता. एकाच्या दुःखाने त्याला दुसऱ्यांची मुले मारावयास लावले, एकीच्या दुःखाने तिला दुसरीच्या मुलाला सोडावयास लावले. घाव दोघांना सारखा होता. त्यापुढचे मात्र ज्याचे त्याचे होते.

आणि तिसरी गोष्ट त्या डोंगरातील लोकांची. शाप योग्य होता हे ते नाकारीत नाहीत. तरी त्यांच्या कथेत अश्वत्थामा तेल मागतो आणि त्याला तेल द्यावयाचे असते. पापाचा निवाडा हे परमेश्वराचे काम. वाहत्या जखमेला तेल देणे हे माणसाचे काम. हा विवेक निरक्षरांनी सांभाळला, ही लहान गोष्ट नव्हे.

शब्दाचा वण

शेवटी एका अशा वणाचा विचार करावा की जो एका देहावर नाही, संपूर्ण पंथावर आहे. 'महानुभाव' या थोर शब्दाचे 'मानभाव' झाले, आणि 'मानभाव' पासून 'मानभावी' हे विशेषण मराठीत रूढ झाले. कोशांत त्याचा अर्थ ढोंगी, वरून गोड आणि आतून कपटी, असा दिलेला असतो. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांना आता त्या शब्दाचे मूळ ठाऊकही नसते. परंतु ज्या वासनिकाच्या मुलाने शाळेत हा शब्द वाचला आणि घरी येऊन वडिलांना त्याचा अर्थ विचारला, त्याला ते मूळ त्या दिवशी कळले.

हा घाव शतकांपूर्वीचा आहे. तो घालणारे गेले. आज तो शब्द वापरणारा बहुधा कोणाचा द्वेष करीत नसतो. म्हणून प्रत्येक वेळी तो ऐकून संतापणे म्हणजे खपली काढणे होय. परंतु 'आता त्यात काय एवढे, शब्दच तर आहे' असे दुसऱ्याने म्हणणेही न्याय्य नाही. ते थोरल्या भावाचे बोलणे झाले. शांतपणे त्या शब्दाचे मूळ सांगावे. ज्याला ते कळेल तो पुढच्या वेळी थांबेल. एक माणूस थांबला तरी तेवढे शोधन झाले. आणि त्याहून महत्त्वाचे असे की, ज्यांच्या नावाचे दूषण झाले त्यांनी स्वतःच्या मुखी कोणत्या जातीचे, कोणत्या पंथाचे, कोणत्या गावाचे नाव दूषण होऊन बसले आहे ते तपासावे. द्रौपदीची वाट ती हीच.

पंथाने आपल्या व्रणाचे काय करावे याचे उदाहरण पंथाच्याच इतिहासात आहे. श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे गेल्यानंतर शिष्यांना जो विरह झाला त्याहून मोठा व्रण कोणता? पुढे म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्याने जे पाहिले-ऐकले ते त्याच्याकडून विचारून लीळा जमविल्या. विरह गेला नाही, त्याचे स्मरण झाले. पुढे खालशाच्या धाडीत पोथ्या गेल्या असे परंपरा सांगते, तेव्हा ज्यांना जे पाठ होते त्यावरून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. म्हणून पाठभेद राहिले. ते पाठभेद म्हणजे लीळाचरित्राचे वण होत. त्यांना लपविण्याची आवश्यकता कोणाला वाटली नाही. अभ्यासक ते भेद आजही आदराने नोंदवितात, कारण ग्रंथ कोणत्या प्रसंगातून वाचला ते त्यांवरून कळते. कनाशी, चांगदेव येथील चरणांकित स्थानी मस्तक ठेवणाऱ्याला खुणेचे मोल निराळे सांगावे लागत नाही.

तात्पर्य असे. ज्याने घाव घातला त्याने अनुताप करावा, शोधन करावे, आणि वण पुसण्याचा हट्ट धरू नये. ज्याला घाव लागला त्याने व्रण भरू द्यावा, आणि वणाची लाज किंवा मिरवणूक, दोन्ही करू नये. आणि जो पाहतो आहे त्याने न्यायनिवाड्याच्या आधी तेल द्यावे. व्रण आणि वण यांत एका रकाराचेच अंतर आहे. परंतु ते अंतर चालून जाण्यास कोणाला एक दिवस पुरतो आणि कोणाला सबंध जन्म लागतो. जो अजून वाटेत आहे त्याला घाई करू नये.